लॉस एंजेलिसचा सिक्स्थ स्ट्रीट पूल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॉस एंजेलिसला मुलांकडे राहायला आलेले आई-बाबा, इथे शिकायला आलेली मुलं आणि पुण्या-मुंबईचे स्थापत्य अभियंते या सगळ्यांकडून या पुलाबद्दल तेच ते प्रश्न येतात. नव्या कमानींचे फोटो बहुतेकांनी पाहिलेले असतात. पण आधीचा पूल का पाडावा लागला हे फार थोड्यांना ठाऊक असतं, आणि माझ्या मते या पुलाची खरी गोष्ट तिथेच आहे. म्हणून त्या प्रश्नांना इथे जास्त जागा दिली आहे.

पूल नेमका कुठे आहे?

लॉस एंजेलिसच्या डाउनटाउनला लागून पूर्वेकडे आर्ट्स डिस्ट्रिक्ट आहे. पूर्वी इथे गोदामं आणि कारखाने होते. आता स्टुडिओ, कॅफे आणि महागडे फ्लॅट आहेत. तिथून पूल निघतो आणि नदीपलीकडच्या बॉइल हाइट्सला उतरतो. बॉइल हाइट्स ही प्रामुख्याने मेक्सिकन मुळाच्या लोकांची जुनी वस्ती. पलीकडे उतरल्यावर हाच रस्ता पुढे व्हिटियर बुलेव्हार्ड होतो.

नदी तर एवढीशी दिसते. मग पूल एवढा लांब कशाला?

पुलाची लांबी ३,०६० फूट, म्हणजे साधारण ९३३ मीटर. नदीचं पात्र त्यातला छोटासा भाग आहे. नदीच्या दोन्ही काठांना रेल्वेचे रूळ आहेत. मेट्रोलिंकच्या लोकल, अ‍ॅमट्रॅकच्या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या या पट्ट्यातून धावतात, शिवाय पश्चिम काठाजवळ शहराच्या मेट्रोचं यार्ड आहे. पूर्वेकडे स्थानिक रस्ते आणि १०१ क्रमांकाचा फ्रीवे आहे. इथल्या मालगाड्यांवर एकावर एक असे दोन कंटेनर रचलेले असतात, त्यामुळे पुलाखाली उंची भरपूर लागते. उंची वाढली की चढ-उताराचे पोहोच रस्तेही लांबतात. एकूण काय, या पुलाची लांबी नदीने कमी आणि रेल्वेने जास्त ठरवली आहे.

आधीचा पूल किती जुना होता?

तो १९३२ मध्ये बांधला होता. त्या काळात शहराच्या अभियांत्रिकी विभागात मेरिल बटलर हे पुलांचं काम पाहत. त्यांच्या कारकिर्दीत लॉस एंजेलिस नदीवर एकामागून एक देखणे काँक्रीटचे पूल उभे राहिले. फर्स्ट स्ट्रीट, फोर्थ स्ट्रीट, सेव्हन्थ स्ट्रीट हे आजही वापरात आहेत. परगावचा माणूस रेल्वेतून उतरला की शहराचं पहिलं दर्शन या पुलांचं व्हावं आणि ते चांगलं व्हावं, असा तेव्हाचा विचार होता. सिक्स्थ स्ट्रीटचा पूल त्यांच्यात सर्वांत लांब. नदीवर पोलादी कमानींची जोडी आणि बाकी सगळं काँक्रीट, अशी त्याची रचना होती.

ठेकेदाराने सिमेंट खाल्लं होतं का?

आपल्याकडच्या माणसाच्या तोंडी हा प्रश्न पहिला येतो, आणि आपले अनुभव पाहता तो साहजिकही आहे. पण इथे तसं काही घडलं नव्हतं. उलट त्या काळातली सर्वांत आधुनिक पद्धत इथे वापरली होती. जागेवरच काँक्रीटचा प्लांट उभारून, मोजून-मापून माल तयार केला होता. सिमेंट पुरेसं होतं आणि कामही नीट झालं होतं. दोष त्या काँक्रीटमधल्या दगडात निघाला.

दगडात दोष म्हणजे काय?

याला अल्कली-सिलिका अभिक्रिया म्हणतात. इथले वर्तमानपत्रवाले त्याला काँक्रीटचा कॅन्सर म्हणतात. शब्द भडक असला तरी रोगाची चाल त्यातून बरोबर कळते.

सिमेंटमध्ये सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार, म्हणजे अल्कली, थोड्या प्रमाणात असतातच. बहुतेक खडीला त्यांचं काही वाटत नाही. पण काही दगडांत सिलिका, म्हणजे वाळूत असतो तोच पदार्थ, अशा अवस्थेत असते की या क्षारांशी तिची हळूहळू अभिक्रिया होते. ओपल, चर्ट आणि ज्वालामुखीजन्य काच ही त्याची नेहमीची उदाहरणं. अभिक्रियेतून एक जेल तयार होतं. ते पाणी शोषून घेतं आणि फुगतं. काँक्रीट बाहेरून कितीही दाबलं तरी तग धरतं, पण आतून ताणलं गेलं की फुटतं. आधी केशभेगा पडतात, मग त्या एकमेकींना मिळून पृष्ठभागावर नकाशासारखं जाळं तयार होतं. त्या भेगांतून पावसाचं पाणी आत शिरतं, जेल आणखी फुगतं, भेगा आणखी रुंदावतात. पाणी सळईपर्यंत पोचलं की गंजाचा ताप वेगळा.

असं काँक्रीट कापून भिंगाखाली धरलं, तर खडीच्या तुकड्याभोवती गडद कडा दिसते. त्या तुकड्याला आरपार चिरणारी बारीक भेग दिसते आणि भेगेत गोठलेला, काचेसारखा पदार्थ भरलेला दिसतो. एकदा हे पाहिलं की बाहेरच्या भेगेला गिलावा करून काही होणार नाही हे कोणालाही पटेल.

सिक्स्थ स्ट्रीटच्या पुलावर ही झीज बांधकामानंतर साधारण वीस वर्षांतच दिसू लागली. शेजारचे भाऊबंद मात्र टिकले. त्यांचा आराखडा त्याच विभागाचा आणि हवामानही तेच. फरक काँक्रीटमध्ये गेलेल्या मालाचा होता.

हे बांधताना कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?

कारण तेव्हा ही अभिक्रिया कोणालाच माहीत नव्हती. ती शोधून काढली थॉमस स्टँटन यांनी, १९४० मध्ये. ते कॅलिफोर्नियाच्याच राज्य महामार्ग विभागात काम करत होते. राज्यातल्या काही रस्त्या-पुलांचं काँक्रीट विनाकारण फुगतंय आणि तडकतंय, हे पाहून त्यांनी सिमेंट आणि खडीच्या वेगवेगळ्या जोड्या तपासल्या. सिमेंटमधले क्षार आणि दगडातली सिलिका यांचा संबंध त्यांनीच जोडून दाखवला. तोवर पूल उभा राहून ८ वर्षं झाली होती. बटलर आणि त्यांच्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. आज तीच चूक करणाऱ्याला मात्र ही सवलत देता येणार नाही.

दुरुस्ती का केली नाही?

भरपूर प्रयत्न झाले. पण या रोगावर उपाय लागणीआधीच असतो: खडी तपासून घ्यायची, कमी क्षाराचं सिमेंट वापरायचं, मिश्रणात फ्लाय अ‍ॅश (औष्णिक वीजकेंद्रातली राख) किंवा स्लॅग (पोलाद कारखान्यातल्या भट्टीची मळी) घालायचा. एकदा काँक्रीट घट्ट झालं की त्यातला दगड काही बदलता येत नाही. पाणी अडवून अभिक्रियेचा वेग कमी करता येतो, पण गेलेली ताकद परत येत नाही.

त्यात हा भूकंपाचा प्रदेश. ५० वर्षांच्या काळात मोठ्या भूकंपाने पूल कोसळण्याची शक्यता ७० टक्के आहे, असं अभ्यासातून निघालं. पुलाखाली प्रवासी गाड्या धावत असताना हा आकडा ऐकून गप्प बसणं शक्यच नव्हतं. जुनी वास्तू वाचवावी म्हणून धडपडणारे लोक इथेही होते आणि त्यांची तळमळ खरी होती. तरीही पाडण्याचा निर्णय योग्यच होता असं मला वाटतं.

खाली रेल्वे आणि फ्रीवे चालू असताना पूल पाडला कसा?

जानेवारी २०१६ च्या अखेरीस पूल वाहतुकीला बंद झाला आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पाडकाम सुरू झालं. १०१ फ्रीवेवरचा भाग काढण्यासाठी तो फ्रीवे ४० तास पूर्ण बंद ठेवला होता. खालच्या रस्त्यावर मातीचा जाड थर पसरायचा, वरून काँक्रीट फोडत त्यावर पाडायचं, राडारोडा उचलायचा आणि सोमवारच्या गर्दीआधी रस्ता मोकळा करायचा, असं ते काम होतं. रुळांवरचा भाग गाड्यांच्या वेळा सांभाळत तुकड्या-तुकड्याने काढावा लागला.

मुंबईकरांना हे नवं नाही. मशीद बंदरजवळचा कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडला, तेव्हा मध्य रेल्वेने २७ तासांचा ब्लॉक घेतला होता. त्या जागी उभा राहिलेला नवा पूल जुलै २०२५ मध्ये सिंदूर पूल या नावाने सुरू झाला. रेल्वेवरच्या पुलाचं वेळापत्रक कुठल्याही देशात ब्लॉक किती मिळतो यावरच ठरतं. नागरिकांनी ‘एवढा उशीर का’ असं विचारताना ब्लॉक कधी मागितला आणि कधी मिळाला हेही विचारावं. खरं उत्तर अनेकदा तिथे असतं.

नव्या पुलाच्या कमानी तिरक्या का आहेत?

शहराने २०१२ मध्ये स्पर्धा घेऊन आराखडा निवडला. वास्तुरचनाकार मायकेल माल्टझन, अभियांत्रिकी एचएनटीबी कंपनीची. जुन्या पुलाला फक्त नदीवर कमानींची जोडी होती. माल्टझन यांनी त्याच खुणेची आवर्तनं पुलाच्या पूर्ण लांबीवर केली. आता १० जोड्या आहेत, म्हणजे २० कमानी. प्रत्येक कमान बाहेरच्या बाजूला ९ अंशांनी कललेली आहे. सगळ्यांची उंची सारखी नाही. सर्वांत उंच कमानी रस्त्यापासून साधारण ६० फूट जातात.

या कमानी नुसत्या शोभेच्या आहेत का, असं पुष्कळजण विचारतात. तसं नाही. रस्त्याचा डेक पोलादी केबलींनी कमानींना टांगलेला आहे आणि भार कमानींमधून खांबांवर उतरतो. चालताना एखाद्या केबलीजवळ थांबून ती वर कमानीत कुठे शिरते आणि खाली कुठे बांधली आहे ते पाहा. पुलाचं गणित तिथे उघडं दिसतं.

मोठा भूकंप झाला तर?

लॉस एंजेलिसमध्ये हा प्रश्न पुस्तकी नाही. १९७१ चा सिल्मारचा आणि १९९४ चा नॉर्थरिजचा, या दोन्ही भूकंपांत इथले फ्रीवेवरचे पूल कोसळले होते. नवा पूल हजार वर्षांत एखाद्या वेळी येईल अशा तीव्रतेचा भूकंप धरून आखला आहे.

त्यासाठी ट्रिपल फ्रिक्शन पेंड्युलम जातीची बेअरिंग, म्हणजे खांब आणि वरचा पूल यांच्यामधले सरकते आधार, वापरली आहेत. घरातली परात डोळ्यांसमोर आणा. परातीत वाटी ठेवून परात हलवली तर वाटी कडेकडे सरकते, पण कड उंच असल्यामुळे पुन्हा मध्याकडे येते. या बेअरिंगमध्ये पोलादाचे असे खोलगट पृष्ठभाग एकात एक बसवलेले असतात आणि त्यांच्यामध्ये घसरणारा भाग असतो. जमीन हादरली की खांब जमिनीबरोबर हलतात, वरचा पूल मात्र या पृष्ठभागांवर घसरत त्या धक्क्याचा मोठा वाटा टाळतो. पुलाचं स्वतःचंच वजन त्याला नंतर मधोमध आणून बसवतं. साधारण ३० इंचांपर्यंत असं सरकण्याची मुभा आहे. ३० इंच म्हणजे पाऊण मीटर! तेवढी हालचाल सामावून घ्यायची तर पुलाचे सांधे, कठडे, जिने, आत टाकलेल्या तारा सगळंच त्या हिशेबाने करावं लागतं. मला या पुलातलं सर्वांत कौतुकास्पद काम हेच वाटतं, आणि ते एकाही फोटोत येत नाही.

कोयनेचा १९६७ चा भूकंप आठवणाऱ्या वाचकांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

खर्च किती आला? वेळेवर झाला का?

५८.८ कोटी डॉलर. त्या वेळच्या दराने साडेचार हजार कोटी रुपयांच्या वर. शहराच्या इतिहासातला पुलाचा सर्वांत मोठा प्रकल्प. मोठा वाटा केंद्र सरकारच्या पूल निधीतून आला, बाकी राज्य आणि शहराने घातला. सुरुवातीला २०१९ चं उद्दिष्ट होतं. प्रत्यक्षात पूल वाहतुकीला खुला झाला १० जुलै २०२२ रोजी. म्हणजे जवळजवळ साडेसहा वर्षं बॉइल हाइट्सच्या लोकांनी वळसे घातले.

उघडल्यावर पोलिसांना पूल बंद का करावा लागला?

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तिथे रात्री गाड्या गोल-गोल फिरवून टायर जाळणारे जमायला लागले, काहीजण कमानींवर चढले, एकाने तर मधल्या रस्त्यात खुर्ची टाकून केस कापून घेतले. पोलिसांनी त्या महिन्यात अनेकदा पूल बंद केला.

बातम्या एवढ्याच आल्या, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. बॉइल हाइट्सच्या कुटुंबांनी या पुलाला फार मनापासून आपलं मानलं आहे. क्विन्सानेराचा, म्हणजे मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा, पायघोळ पोशाख घालून फोटो काढायला आलेल्या मुली, सोबत आजी-आजोबा, सजवलेल्या जुन्या गाड्या हळूहळू चालवत नेणारी माणसं, हे दृश्य तिथे नेहमीचं आहे. फ्रीवेसाठी ज्या वस्तीची घरं वर्षानुवर्षं पाडली गेली, तिच्या वाट्याला शहराची इतकी सुंदर गोष्ट पहिल्यांदा आली असेल, तर उत्साह उतू जाणारच.

रात्रीचे दिवे बंद का होते?

तांब्याच्या तारांची चोरी. सुमारे ३८,००० फूट, म्हणजे ७ मैल तार चोरांनी ओढून नेली. भंगारात तिची किंमत साधारण ११,००० डॉलर होती, तर दुरुस्तीचा अंदाज २५ लाख डॉलरचा. ज्या आराखड्याचं नाव ‘रिबन ऑफ लाइट’ होतं, त्याच पुलावर अंधार झाला. वायरिंगची झाकणं पहिल्या दिवसापासून मजबूत हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे. देखभालीचा विचार उद्घाटनानंतर सुरू झाला की असंच होतं.

खाली ती नदी आहे की नाला?

नदीच आहे. ५१ मैलांची, म्हणजे साधारण ८२ किलोमीटर. उन्हाळ्यात काँक्रीटच्या रुंद पात्रात मधोमध पाण्याची बारीक धार दिसते, म्हणून पाहुण्यांचा विश्वास बसत नाही. १९३८ च्या महापुरात या भागात शंभराहून अधिक माणसं गेली. त्यानंतर अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी नदीचा तळ आणि काठ काँक्रीटने बांधून काढले. ते काम १९६० पर्यंत चाललं. म्हणजे १९३२ चा पूल बांधला तेव्हा खाली अजून वाळूची, वाहती-सुकती नदी होती. जोराचा पाऊस झाला की हे पात्र काही तासांत भरून वाहतं. सिनेमात पाहिलंय म्हणून कोणी पात्रात उतरू नका. तसंच पुलाखालच्या रुळांकडेही फिरकू नका. ती चालू लाइन आहे.

चालत जाता येतं का? सायकलने?

दोन्ही जमतं. दोन्ही बाजूंना पदपथ आणि सायकलसाठी वेगळी मार्गिका आहे, आणि मधूनच खाली उतरायला जिने व एक गोल फिरत जाणारा रॅम्प आहे. सावकाश चालत गेलात तर पाव तास पुरे. मेट्रोने येणार असाल तर लिटल टोकियो/आर्ट्स डिस्ट्रिक्ट स्टेशनला उतरा. तिथून पुलापर्यंत बरंच चालावं लागतं. उन्हाळ्यात टोपी आणि पाणी घ्या, कारण पुलावर सावली जवळजवळ नाही. पश्चिमेला डाउनटाउनचे टॉवर दिसतात आणि हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला सॅन गेब्रिएल डोंगर.

सायकलवाल्यांना एक सूचना. मार्गिका आणि गाड्यांचा रस्ता यांच्यामध्ये फक्त रबराचे बुटके उंचवटे आहेत. वेगात आलेल्या गाडीला ते अडवू शकणार नाहीत. इथल्या सायकलप्रेमींनी यावर सुरुवातीपासून टीका केली आहे आणि मला ती पटते.

पुलाखाली उद्यान होणार होतं, त्याचं काय?

१२ एकरांचं उद्यान हा मूळ कल्पनेचाच भाग आहे. दोन्ही काठांवर, पुलाच्या सावलीत.

आपल्याकडच्या काँक्रीटला हा रोग होऊ शकतो का?

होऊ शकतो आणि झालाही आहे. ओडिशातलं हिराकूड आणि उत्तर प्रदेशातलं रिहंद या दोन धरणांच्या काँक्रीटमध्ये ही अभिक्रिया नोंदली गेली आहे. महाराष्ट्रात बहुतेक खडी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची. चांगला, घट्ट बेसॉल्ट उत्तम खडी देतो. पण सगळ्या खाणींतला बेसॉल्ट एकसारखा नसतो. काही थरांत ज्वालामुखीजन्य काच राहिलेली असते, काही थरांतल्या पोकळ्या चाल्सेडनी किंवा ओपल या सिलिकेच्याच प्रकारांनी भरलेल्या असतात. शेत नांगरताना ज्या गारगोट्या वर येतात, त्यातल्या पुष्कळशा अशाच पोकळ्यांतून सुटलेल्या. अशा थराची खडी क्रशरमधून थेट पुलाच्या कामावर आली तर डोळ्यांना काहीच वेगळं दिसणार नाही. आपला पावसाळा चार महिन्यांचा आहे, म्हणजे जेलला पाणीही कमी पडणार नाही.

आपल्या भारतीय मानकांत खडीच्या या तपासणीची तरतूद आहे. त्यामुळे गावाजवळ पूल होत असेल, जलाशय होत असेल, तर क्यूब टेस्टच्या अहवालाबरोबर खडीचा अल्कली अभिक्रियेचा अहवालही मागा. क्यूब टेस्ट, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडायची चाचणी, २८ दिवसांची ताकद सांगते, विसाव्या वर्षी काय होईल ते सांगत नाही. खाण बदलली तर नवा अहवाल मागा, कारण काम निम्म्यावर आल्यावर खाण बदलणं ही आपल्याकडे रोजची गोष्ट आहे. वेगवान चाचणीत खडी कुटून सिमेंटबरोबर तिच्या लहान कांड्या पाडतात, ८० अंश सेल्सिअसच्या कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात १४ दिवस ठेवतात आणि लांबी किती वाढली ते मोजतात. वाढ ०.१० टक्क्याच्या आत असली तर सहसा खडी निर्धोक धरतात. २५ सेंटीमीटरला जेमतेम पाव मिलिमीटर. ०.२० टक्क्याच्या वर गेली तर खडी संशयित, आणि मधल्या पट्ट्यात आली तर पुढच्या चाचण्या करायच्या. कांड्या पाडल्यापासून अहवाल हातात यायला साधारण १६ दिवस लागतात.